सशाचा खोडा

मित्रांनो, मी खोडा आहे. माणसांचा नव्हे, सशांचा. आता जुना झालो. हॉलंडमधल्या एका प्रयोगशाळेसाठी मला पांढऱ्या पत्र्यातून घडवले. ससा माझ्या पोटात, मान खाचेत आणि डोके बाहेर. मग त्याच्या एका डोळ्यात साबणाचा नाहीतर रंगाचा थेंब पडे. त्याला पंजाने डोळा चोळता येऊ नये, एवढेच माझे काम. "काय झकास खोडा आहे! ससा हलतसुद्धा नाही," असे प्रमुख लामर्ट म्हणत. मी सुखावत असे. या थेंबामुळे कुठल्यातरी मुलाचा डोळा वाचेल, असे मला वाटे.

एके दिवशी त्यांची सहकारी चित्स्के धावत आली. माणसाच्या पेशींपासून ती बशीत एक पातळ पापुद्रा वाढवत असे, अगदी डोळ्यावरच्या पडद्यासारखा.

"थांबा, लामर्ट! उत्तर मिळालंय. या साबणानं डोळा जळतो. माझी बशी आजवर चुकलेली नाही, तुम्हीच ताडून पाहिलंय."

"पाहिलंय ना. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"मग सशाला कशाला बसवताय?"

"माझ्या विश्वासाला कोण विचारतंय, बाई? नियमात ससा लिहिलाय. तुझी बशी नाही."

चित्स्के आ वासून बघत राहिली. "म्हणजे हा डोळा नुसत्या शिक्क्यासाठी जाणार?"

लामर्टनी थेंबाची नळी उचलली. थेंब पडला. ससा थरथरला आणि त्याच्याबरोबर मीही मुळापासून हादरलो. इतकी वर्षे मी कोणाचा डोळा वाचवत होतो?

चित्स्केने पिच्छा सोडला नाही. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांचे निकाल जमवून ती अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. बऱ्याच वर्षांनी नियम बदलला. त्याच दुपारी मी कपाटात गेलो. बशी तीच होती, ससेही तसेच होते. बदलली होती फक्त एक ओळ. इतके सोपे होते हे? मला आनंदाआधी धक्काच बसला.

पण अलीकडे कपाट पुन्हा उघडले. तोच साबण परदेशात विकायचा होता, आणि तिथल्या नियमात अजून ससाच होता.

"मी नाही करणार हे," लामर्ट म्हणाले.

चित्स्के त्यांच्याकडे बघतच राहिली. "काम दुसरीकडे जाईल, लामर्ट."

"जाऊ दे. माझ्या हातून नको."

मालकांनी काम दुसऱ्या प्रयोगशाळेला दिले, आणि सोबत मलाही. इथे मला घासूनपुसून लख्ख केले आहे. माझे कौतुकही होते. साबणाने डोळा जळतो, हे इथेही सगळ्यांना ठाऊक आहे.

मित्रांनो, नियम ज्यांच्या हाती आहेत त्यांना एवढेच विचारा: उत्तर मिळाले असताना हा प्रश्न सशाला पुन्हा का?

पण लवकर विचारा. माझ्या खाचेत आत्ता एक मान आहे. उबदार आहे, आणि तिची नाडी भराभर उडते आहे.