वाढीव बॅटऱ्या

माझा धंदा बोटींच्या वायरिंगचा. या धंद्यात गिऱ्हाइकाचं म्हणणं कधी खरं धरायचं नसतं. बॅटरी टिकत नाही म्हणून बोंब मारतात आणि आत फ्रिज, पंखा, टीव्ही एकदम लावून बसतात. पण वहिनी काही गिऱ्हाईक नव्हती. दादाच्या बोटीवर ती एकटी राहत होती, एक दिवा आणि तळातलं पाणी उपसायचा पंप, एवढ्यावर. तरी केबिनच्या दोन्ही बॅटऱ्यांचा रोज पहाटे ठणठणाट.

"भाऊजी, अजून दोन वाढवून द्या," ती म्हणाली. "संध्याकाळ निभते, पण सकाळपर्यंत पुरत नाही."

दादा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वादळात आमच्या धक्क्यावरच्या कितीतरी बोटी माणसांसकट गेल्या. दादाची तेवढी परत आली, तीही रिकामी. तेव्हापासून वहिनी तिच्यावरच मुक्काम ठोकून होती. आईने सांगून पाहिलं, माझ्या बायकोने हातापाया पडून पाहिलं, पण ही हटून बसलेली. मला तिचा राग यायचा आणि धास्तीही वाटायची, कारण दर खेपेला ती आणखी वाळलेली दिसायची. कसंही करून तिला घरी आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

भर दुपारी गेलो. बाकाखालचं झाकण उघडलं, बॅटरीच्या केबलला मीटर लावला. सगळे स्विच बंद, तरी वीज जातच होती. अशी गळती शोधायची आमची एकच रीत: एकेक फ्यूज काढत जायचं, जो काढल्यावर मीटरचा आकडा पडेल तिथे चोर. दिव्याचा काढला, पंपाचा काढला, रेडिओचा काढला. शेवटचा काढला तरी अँपिअरचा आकडा जागचा हलेना. तीन. वीज बॅटरीतून निघत होती आणि तिला पुढे जायला वाटच नव्हती.

मीटरला शिव्या घातल्या, दुसरा आणला. त्यावरही तीन.

तेवढ्यात वहिनी बादली घेऊन धक्क्यावरच्या नळाला गेली आणि आकडा शून्यावर आला. ती परत बोटीत उतरली तशी पुन्हा तीन.

"वहिनी, जरा परत वर जाता?"

ती गेली. शून्य. आली. तीन.

"कळलं ना?" बादली खाली ठेवत ती म्हणाली. "मी असले की हे येतात. बोलत नाहीत, दिसत नाहीत. पण ती गादी बघा."

समोरच्या बाकावरची गादी मधोमध दबलेली होती. माणूस बसल्यावर दबते तेवढी. वर कोणी नव्हतं.

"गारठलेले असतात हो. बॅटरीतून मिळेल तेवढं घेतात, आणि ते संपलं की उठून जातात. एकदा, एकदाच सकाळपर्यंत बसू देत. मग मी घरी येते. आईंना सांगा, शपथेवर येते."

मला आधी हसू आलं, मग रडू. दादा होता तो. आणि तीही घरी येणार होती. मी कामाला लागलो. जुनी बॅटरी नव्यांना ओढून बसते, म्हणून जुन्या दोन्ही काढल्या आणि चारही नव्या आणून बसवल्या. सगळ्यांवर सारखा भार यावा म्हणून लाल केबल पहिलीवरून घेतली, काळी शेवटचीवरून. नट आवळले. काचेतून ऊन अजून आत येत होतं.

"बस दादा, निवांत बस," गादीकडे बघून मी म्हणालो आणि मेन स्विच फिरवला.

तीन. वहिनी हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

मग सहा. मग नऊ. केबल चाचपली तर गरम लागली. बॅटऱ्या दुप्पट की वेळ दुप्पट, हा हिशोब आम्ही झोपेतही करतो, आणि मी तो तसाच केला होता. लोड तेवढाच राहणार हे त्यात धरलेलं असतं. बाहेर गारठलेला दादा एकटाच नव्हता, हे मी धरलंच नव्हतं.

बोट एका अंगाला कलली. दारातली पायरी करकरली, पुन्हा करकरली. समोरच्या गादीशेजारची गादी दबली, तिच्या पलीकडची दबली, मग माझ्याच बाकाची कड. केबिनमध्ये खोल पाण्याचा गार वास भरला. वहिनी आधी सरकली, मग उशी मांडीवर घेऊन आणखी सरकली, पाहुण्यांना जागा करून देतात तशी. शेवटी उठून कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली.

मी स्विचकडे हात नेला.

"नको!" तिने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "यांच्यात हेही आहेत ना."

"सोडा वहिनी. चला घरी."

तिने सोडलं नाही. ती एकेका गादीकडे वाकून, नीट निरखून बघत होती. दबलेल्या सगळ्या गाद्या सारख्याच दिसत होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "यातले आपले कोणते?"