चहाची वीस मिनिटं

माझी लेक दिशा दुपारी झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. असल्याच तुकड्यांत मी नाकुरूच्या कारखान्याची कार्यपुस्तिका लिहिली. अंबडची आमची कंपनी पंपाची रबरी सील बनवते. ती पहिल्यांदाच देशाबाहेर, थेट केनियात चालली होती. पुस्तिका माझी, म्हणून धाकधूकही माझीच.

दोन चाचण्या फसल्या. प्रत्येक सीलची कड अर्धवट. "शुक्रवारची तिसरीही फसली, तर ते युनिट बंदच ठेवू," साहेबांनी सांगून टाकलं. तिथली सुपरवायझर वांजिरू व्हिडिओवर म्हणाली, "मॅडम, पुस्तिकेबाहेर आम्ही बोटभरही गेलो नाही." तिच्या मागे नव्याने घेतलेल्या बाराजणी निळे कोट घालून उभ्या होत्या. एकीही हसत नव्हती.

गुरुवारी सकाळी सव्वासातला, दिशाला भरवता भरवता, देवराममामांना फोन लावला. तीस वर्षं आमच्या अंबडच्या कारखान्यात रबर दाबायच्या प्रेसवर आहेत. सगळी कृती मी त्यांच्याच तोंडून उतरवली होती.

"मामा, शिफ्ट सुरू झाली ना? मशीनचा आवाज नाही येत."

"चहा पितोय."

"आत्ता?"

"मग काय नाचू? पट्ट्या प्रेसवर तापत ठेवल्यात. गार रबर साच्यात पसरतंय व्हय? तुला सांगितलं होतं की, शुभांगी. पट्ट्या वर ठेवायच्या, चहा घ्यायचा, मग साचा."

सांगितलं होतं. मी लिहिलंही होतं. मग खोडलं होतं. परदेशातली माणसं काय म्हणतील, कामाआधीच चहा! चहाबरोबर पट्ट्या तापायचा वेळही उडाला. आणि नाकुरूची सकाळ म्हणजे डोंगरावरचा गारठा.

"मामा, माझंच चुकलं."

"मग सांग त्यांना. अन् चहा पण लिही. त्याच्याबिगर वीस मिनिटं कोण थांबतंय?"

तिकडे अजून पहाट होती. अकराला वांजिरूला सगळं सांगितलं, खोडलेलंसुद्धा. ती खळखळून हसली.

"आम्हालाही चहाशिवाय सुरुवात होत नाही, मॅडम. पुस्तिकेत नव्हता, म्हणून वाटलं, तुमच्याकडे मनाई असेल."

शुक्रवारी दिशाला थोपटत होते, तेव्हा फोटो आला. तळहातावर सील, कड पूर्ण. मागे थर्मास, तेरा कप, आणि कोपऱ्यात कुणाचं तरी तोंडभर हसू.

दिशा झोपली. मी पुस्तिका उघडून खोडलेली ओळ परत लिहिली. अजून अर्धा तास हातात होता. आत गेले, चहा टाकला.