झाकण लावलं म्हणजे झालं?

मेघा सकाळपासून आत-बाहेर करत होती. दुपारी तिची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती आणि त्यांच्या पिपरी मेघे गावात नेमकी विजेची लाइन गेली होती. मोबाइल चालणार नाही, लॅपटॉपच हवा, असं कंपनीने बजावलं होतं. बॅटरी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती आणि नेट मोबाइलवरून घेता येणार होतं, तेवढाच काय तो धीर.

घरात लॅपटॉप एकच. सकाळी तो थोरल्या भावाने, रुपेशने घेतला होता. त्याला सगळं फुल्ल लागे. पडद्याचा उजेड फुल्ल, वेगही फुल्ल! पॉवर सेव्हर म्हणजे कंजुषांची सोय, असं तो खुशाल म्हणे. डाउनलोड मध्येच थांबू नये म्हणून झाकण लावलं तरी लॅपटॉप झोपणार नाही, चालूच राहील, अशी सेटिंग त्याने करून ठेवली होती. काम झालं की झाकण लावायचं आणि उठायचं.

मेघाने झाकण उघडलं. लॅपटॉप चांगलाच तापला होता आणि बॅटरी तळाला गेली होती. ती तशीच लॅपटॉप घेऊन रुपेशकडे गेली.

"दादा, काऊन असं केलं तू?"

रुपेश म्हणाला, बंदच तर करून ठेवला होता. मग आवाज चढवून, लॅपटॉप घरचा, वीज घरची, त्यात एवढं काय, असंही म्हणाला. ते ऐकून त्यांची आई, अन्नपूर्णाबाई, हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"माठातलं पानी संपवून वरून झाकन ठेवलं, त माठ भरेलच दिसते, रुपेश. मागून येनाऱ्याले गिलास बुडवल्यावर समजते. घरचं म्हंजे तुया एकट्याचं हाय काय?"

मेघाने पॉवर सेव्हर लावला, उजेड अगदी कमी केला, बाकीचं सगळं बंद केलं आणि मुलाखतीला बसली.

रुपेशला बसवेना. दाराआडून तो कान देत होता. बहीण बोलताना जरा थांबली की बॅटरी गेली असं वाटून त्याचा जीव वरखाली होई. शेवटी तो ओणवा होऊन आत शिरला आणि कॅमेऱ्यात न येता, खाली बसून लॅपटॉपला पुठ्ठ्याने वारा घालू लागला. त्याचा काही उपयोग होत होता का, कोण जाणे!

पलीकडून 'धन्यवाद' ऐकू आलं. मेघाने निरोप घेतला आणि लगेचच पडदा काळा झाला.

"चुकलंच माह्यं," रुपेश म्हणाला. "एवढ्या कमी उजेडात तुले ते लोकं कसे दिसले असन?"

"दिसलेच नाई. म्हनून त भेव नाई वाटलं."

आई आणि मेघा हसल्या. रुपेशला मात्र हसू आलं नाही. संध्याकाळी लाइन येताच त्याने आधी आपली सेटिंग बदलली.

पुढे मेघाची निवड झाली. पण झाली म्हणून रुपेशची चूक लहान होत नाही. आणि मंडळी, आपण तरी काय वेगळं करतो? झाकण लावतो, उठतो आणि काम संपलं समजतो. वीज वाचवायची ती आपल्या मागून कुणाची तरी पाळी असते म्हणून. ती पाळी खाऊन टाकायचा हक्क आपल्याला कुणी दिला?