एक जूनची रेणू

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं झाकण आता नीट उभं राहत नाही, म्हणून मागे वीट लावून मला उघडतात. टेंभुर्णीच्या एका घरात खिडकीजवळच्या स्टुलावर माझा मुक्काम असतो.

माझे भाग कुठे तयार झाले, ते मलाही ठाऊक नाही. मला आठवतं ते नवीन जालन्यातलं श्रेणिकशेठचं दुकान. तिथून रेणूने मला घेतलं. तेव्हा ती पीएच.डी. करत होती. तिचे वडील रायभान मेंढ्या राखतात. मेंढ्यांच्या पोटातले जंत औषधाला का दाद देत नाहीत, हा रेणूचा अभ्यास. तिचा अख्खा प्रबंध माझ्यावर टाइप झाला. ती डॉक्टर झाली त्या दिवशी तिच्या आईने, बायनाबाईने, मलाही हळदकुंकू लावलं. तेवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

पुढच्या संशोधनासाठी पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप लागते. रेणू रोज ती शोधू लागली. एका विद्यापीठाचं पान उघडावं, तर मुदत संपलेली. दुसरीकडे अट, की तिथल्या प्राध्यापकांची लेखी संमती आधी आणा. ती मेल लिहीत राहिली. उत्तर येत नसे. तिचा मेल मी पोहोचवू शकत होतो. तो कुणाला वाचायला लावू शकत नव्हतो. यात वर्षं गेली.

अखेर दक्षिणेतल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंनी व्हिडिओवर बोलायला बोलावलं. त्यांनी कळप पाहायचा म्हटल्यावर रेणू मला उचलून मेंढ्यांजवळ घेऊन गेली. रायभानने माझ्यापुढे हात जोडले.

"मॅडम, पोरीला घ्या. लई जीव लावून करून राह्यली."

बाई हसल्या. संमती आली.

रेणूने लगेच अर्ज उघडला आणि जन्मतारीख टाकली, एक जून. माझ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. सगळ्या सवलती धरूनही वय एका महिन्याने जास्त भरत होतं.

बायनाबाई चुलीपासून उठून आली. "कशाचं एक जून? तू तर पोळ्याच्या आदल्या दिशी झाल्तीस!"

"मंग शाळेत ही तारीख कोणी सांगितली?" रेणूने विचारलं.

रायभान खाली बघत म्हणाला, "नाव घालाया मी एकटाच गेल्तो. गुरुजींनी इचारलं, मला सांगता येईना. त्यांनीच घातली. तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच हाय."

पोळा येतो ऑगस्टच्या सुमारास; ती खरी तारीख धरली असती, तर रेणू वयात बसत होती.

रेणूने विद्यापीठात फोन केला. तिकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि दाखल्यावरची तारीखच धरावी लागते, असं सांगितलं. बाईंनीही शब्द टाकून पाहिला. उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत रेणू अर्ज पाठवायचं बटण दाबत होती. ते बटण चालू करणं माझ्या हातात नव्हतं.

आता ती एका कॉलेजात तासावर शिकवते.

मागच्या आठवड्यात बाईंचा मेल आला. त्या जागेवर दुसऱ्या मुलाची निवड झाली होती. त्याला कामाला सुरुवात करायला तुझ्या नोंदी देशील का, असं त्यांनी संकोचून विचारलं होतं.

"न्हाई म्हण," रायभान म्हणाला. "तुझं हाय ते."

"मेंढ्यांना औषध तर लागू पडलं पाहिजे ना, आबा," रेणू म्हणाली आणि तिने सगळ्या फायली पाठवल्या. फायली मोठ्या होत्या. पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. मला शक्य असतं, तर मी ती थांबवली असती.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण घरातल्या लहानग्याचं नाव शाळेत घालायला जाल, तेव्हा आईला सोबत न्या. तिला तो दिवस आठवत असतो.