इमलीबनचा मुक्काम

"भैया, आहिस्ता. आगे ब्रेकर है," नरसिंग मागच्या सीटवरून म्हणाला.

कॅबवाल्यानं लगेच वेग कमी केला. गाडी पन्नास-शंभर पावलं मुंगीच्या चालीनं गेली. ब्रेकर काही आला नाही. मागचे हॉर्न मात्र आले.

"चाचा, किधर है ब्रेकर?"

"था," नरसिंग म्हणाला. "चार साल पहले था."

पुढे बसलेली बुद्धप्रिया खुदकन हसली. सरजाबाई मात्र हसली नाही. "हसू नको गं," ती लेकीला म्हणाली. "ह्या रस्त्याचा खडा न् खडा ठाव हाय तुज्या बाबाला. एकोनीस वर्सं गाडी आनली हितं."

हे खरंच होतं. मुखेड डेपोचा ड्रायव्हर नरसिंग वाघमारे यानं चार वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत मुखेड–हैदराबाद मुक्कामाची गाडी एकोणीस वर्षं चालवली होती. एक दिवसाआड संध्याकाळी सातला गाडी इमलीबनच्या बसस्टँडात लावायची, रात्र तिथंच काढायची आणि पहाटे पाचला पुन्हा मुखेडच्या वाटेला लागायचं. हैदराबादेतली प्रत्येक चढण, प्रत्येक वळण, कुठल्या सिग्नलला किती वेळ जातो हे त्याला पाठ होतं. पाठ नव्हतं ते फक्त हैदराबाद. बसस्टँडच्या फाटकाबाहेर त्यानं एकोणीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

आणि ही गोष्ट सरजाबाईला ठाऊक नव्हती.

तिला वाटत होतं, तिच्या नवऱ्यानं हैदराबादची रात्र पिऊन टाकलीय. दिव्यांत न्हालेला चारमिनार, खालच्या गल्लीतली बांगड्यांची दुकानं, त्यातलं आरशाच्या छताचं एक दुकान, पान लावता लावता गिऱ्हाइकाच्या नावावर शेर जुळवणारा पानवाला, मध्यरात्री लेकराबाळांसकट रस्त्यावर बसून खीर खाणारी माणसं. हे सगळं त्यानं तिला सांगितलं होतं, इतकं की डोळे मिटले तरी ती त्या गल्लीतून चालू शकली असती. आता लेकीला हैदराबादेत नोकरी लागली, माधापुरात फ्लॅट मिळाला, माय-बाप पहिल्यांदा राहायला आले आणि सरजाबाईनं दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, "उद्या तुमी आमाला तुमचं हैदराबाद दाखवा."

नरसिंगनं पाठ दुखते म्हणून पाहिलं. पोट बिघडलं म्हणून पाहिलं. लेकीनं दोन्हीवर गोळ्या आणून दिल्या. आता घोडामैदान जवळ आलं होतं.

तशी लेकीनं आदल्या संध्याकाळी आपलं हैदराबाद त्यांना दाखवलं होतं. माधापुरातली एक काचेची इमारत, आत सहा मजले नुसतं खाणं, गाणं आणि नाचणं. दारातल्या माणसानं तिघांच्याही मनगटावर निळा शिक्का मारला. सरजाबाईनं तो उजेडात नीट पाहिला आणि म्हणाली, "मतदान करून आल्यावानी वाटून राहिलं." आत ढोलावर काठी बसावी तसं संगीत छातीवर बसत होतं. पोरं-पोरी हात वर करून नाचत होत्या. सरजाबाईला ते आवडलं. ती खुर्चीतल्या खुर्चीत खांदे हलवू लागली, लिंबू-सोडा दोनदा मागवला. नरसिंगनं आल्या आल्या बाहेर पडायची दारं मोजून ठेवली आणि बरोबर नऊला, त्या सगळ्या गदारोळात, हनुवटी छातीला टेकवून घोरायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या पोरींनी त्याचा फोटो काढला.

"हितं येवडं जग जागं हाय, आन तुमी झोपताव?" सरजाबाई घरी आल्यावर म्हणाली. "आन ह्यो पलंग बघा. चार मानसं मावतीन. पाय पोटात घिऊन काय पडले? लांब करा की जरा!"

हे वाक्य ती लग्नाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून म्हणत आली होती. नरसिंग उंचापुरा माणूस, पण झोपायचा मात्र गुडघे पोटाशी घेऊन. "सवय हाय," तो नेहमीसारखं म्हणाला आणि कूस बदलली.

कॅब थांबली. पुढे माणसांचा पूर होता आणि त्या पुरात चारमिनार पिवळ्या उजेडात उभा होता. सरजाबाई रस्त्याच्या मधोमध थांबली आणि पदर सावरायलाही विसरली.

"हुबेहूब," ती म्हणाली. "सांगितलं तसाच हाय."

नरसिंगनंही तो पहिल्यांदाच पाहिला. त्यालाही थांबून बघावंसं वाटलं, पण गाइडला असं करून चालत नाही. त्यानं उसनं अवसान आणलं, हात मागे बांधले आणि पुढे निघाला.

बांगड्यांची गल्ली सोपी होती. नुसतं उजेडाच्या मागे जायचं. दोन्ही बाजूंनी लाखेच्या बांगड्या अशा चमकत होत्या की दुकानदारांचे चेहरेसुद्धा हिरवे-जांभळे दिसत होते. सरजाबाईनं आपला उजवा हात पुढे धरला. मनगटात लाखेच्या दोन लाल बांगड्या होत्या, बारा वर्षं जुन्या, अर्धे खडे पडलेल्या.

"ह्या घेतलेलं दुकान दाखवा. आरशाच्या छताचं."

नरसिंगनं एक दुकान पाहिलं, दुसरं पाहिलं. छतं कुठं पत्र्याची होती, कुठं फळ्यांची. "पुढं हाय," तो म्हणाला. पुढं गेले. मग तो डावीकडे वळला, कारण ड्रायव्हरला रस्ता चुकला तरी थांबणं जमत नाही, तो वळसा घालून येऊ म्हणतो. वळसा घालून ते पुन्हा त्याच सरबतवाल्यापाशी आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला सरबतवाल्यानंच ओळखीचं हसून सलाम केला.

"बाबा, मोबाइलवर बघू का?" बुद्धप्रियानं हळूच विचारलं.

"न्हाई माय. ठाव हाय मला."

"दुकान ऱ्हाऊ द्या," सरजाबाई म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "बंद पडलं आसंल. पानवाला दाखवा."

नरसिंग उगाच दोन्हीकडे पाहू लागला. कोपऱ्यावर एक म्हातारा अत्तराच्या कुप्या मांडून बसला होता. सरजाबाईनंच पुढे होऊन त्याला आपल्या हिंदीत विचारलं. म्हाताऱ्यानं डोकं हलवलं.

"शेर बोलनेवाला पानवाला? नई अम्मा, ऐसा कोई नई था. मैं पचास साल से इधरीच बैठा हूँ."

पितळ उघडं पडलं. गर्दी दोन्ही अंगांनी वाहत होती आणि ती तिघं मध्ये उभी होती. सरजाबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. भाकरी भाजली की कच्ची, हे तिला तव्याकडे न बघता कळायचं. हे तर उघड्यावर होतं.

"तुमी हितं कदी आलतेव का?"

"न्हाई," नरसिंग म्हणाला.

"एकदाबी?"

"एकदाबी न्हाई."

"मंग ह्या?" तिनं हात वर केला.

"ग्यानोबानं आनल्या. कंडक्टर व्हता माझा. तू झोपलीस तवा तिकिटाच्या कागदाची पट्टी तुज्या मनगटाला लावून माप घेतलतं म्या. ते त्याच्यापाशी दिलं."

सरजाबाई अत्तरवाल्याशेजारच्या पायरीवर बसली. बुद्धप्रियाला काय करावं कळेना, ती पाण्याची बाटली आणायला गेली. नरसिंगला वाटलं, बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. चौदा एकर दुसऱ्याचं रान खुरपून, सासऱ्याचं दुखणं काढून, ती एक दिवसाआड दुपारी त्याची वाट पाहायची. तो हातपाय धुऊन बसला की ताट पुढे सारायची, समोर मांडी घालायची आणि म्हणायची, "हं, बोला." तिला गावाबाहेरचा बाजारसुद्धा माहीत नव्हता. त्या "हं, बोला"पुढे, मी रातभर झोपलो होतो, हे सांगायचं धाडस त्याला कधी झालंच नाही.

तो तिच्याशेजारी बसला आणि त्यानं सांगून टाकलं. मुक्कामाच्या पहिल्याच महिन्यात तो रात्री उशिरापर्यंत इतर ड्रायव्हरांशी गप्पा मारत बसला होता. सकाळी परतीच्या वाटेवर, पिटलम गावाच्या पुढे त्याचा डोळा लागला. किती वेळ, एक श्वास की दोन, कोण जाणे. चाकाखाली खडी वाजली म्हणून तो जागा झाला आणि गाडी रस्त्यावर घेतली. कुणालाच कळलं नाही. आरशात पाहिलं तर मागच्या सीटवरची एक बाई झोपलेल्या लेकीच्या वेणीला रिबीन बांधत होती.

"त्या दिवसापून नऊ म्हंजे नऊ," नरसिंग म्हणाला. "पन्नास मानसं असत्यात मागं. हैदराबाद काय पळून चाललं व्हतं?"

सरजाबाईनं मनगटातल्या बांगड्या मागेपुढे सरकवल्या. "मला सांगायचं तर व्हतं," ती म्हणाली. "म्या गावभर सांगून बसले. समद्या बायांना." मग तिनं पदरानं नाक पुसलं. "मंग तुमी ऱ्हायचे कुठं?"

"चल. दाखवितो."

रिक्षानं दहा मिनिटांत इमलीबन आलं. आणि फाटकातून आत पाऊल टाकताच नरसिंगची चाल बदलली. पाठ ताठ झाली, पाय न विचारता वळू लागले. इथला नळ कुठं, इथला चहा कुठला चांगला, कुठल्या खांबाला पाठ टेकली की वारं लागतं, सगळं तो भराभरा दाखवत चालला. सरजाबाई आणि बुद्धप्रिया त्याच्या मागे जवळजवळ पळत होत्या. चारमिनारपाशी चुकलेला माणूस हाच का, असं वाटावं.

फलाटाच्या टोकाला मुखेडची गाडी उभी होती. पाटीवर आपल्या गावाचं नाव बघून सरजाबाईला एकदम भरून आलं. दार उघडंच होतं. आत अंधार होता आणि ड्रायव्हरच्या केबिनमागे, तीन माणसांच्या बाकावर, एक तरणा ड्रायव्हर डोक्याखाली चपला घेऊन झोपला होता. शेवटच्या लांब बाकावर कंडक्टर चांगला ताणून पसरला होता.

"बाबा, हेच का तुमचं..." बुद्धप्रिया बोलायला लागली.

"हळू," सरजाबाईनं तोंडावर बोट ठेवलं. "पाचला गाडी काढायची हाय त्याला."

ती पायरीवर चढली आणि दांडा धरून त्या ड्रायव्हरकडे पाहत राहिली. बाक संपलं होतं, माणूस उरला होता. म्हणून त्यानं गुडघे पोटाशी घेतले होते. सरजाबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग रिकाम्या पलीकडच्या बाकावर वाकून तिनं वीत टाकली. सहा विती भरल्या.

"मागचं बाक चांगलं लांब हाय," ती कुजबुजली. "तिथं का न्हाई झोपले?"

"ते ग्यानोबाला दिलतं."

"का? त्यो मोठा साहेब व्हता?"

नरसिंग ओशाळला. "त्यो रोज फिरून यायचा. म्हनला, लांब बाक मला दे, पहाटं गाडीत तुला सांगीन काय काय पाह्यलं ते. म्या म्हनलं, घे. घरी गेल्यावर सांगायला काईतरी पायजे व्हतं."

सरजाबाईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. "पान लावनारा शायर! आरशाचं छत! म्हंजे ग्यानोबानं बी तुमाला फशिवलं."

"आता इचारावं तर त्योबी वारला," नरसिंग म्हणाला. "पन बाक झ्याक सांभाळलं त्यानं." आणि तोही हसला. दोघं म्हातारी तोंड दाबून हसत असलेली पाहून खाली फलाटावर उभी लेक आधी हसली आणि मग तिनं तोंड फिरवून डोळे पुसले.

फ्लॅटवर आले तेव्हा नऊ कधीच वाजून गेले होते. नरसिंगनं पलंगावर अंग टाकलं. आज त्याला हलकं वाटत होतं. त्यानं मुद्दाम पाय सरळ केले, पार पलंगाच्या टोकापर्यंत, आणि बायकोनं पाहिलं की नाही तेही पाहून घेतलं. मग त्याला झोप लागली.

सरजाबाई बांगड्या सांभाळत त्याच्याशेजारी बसून होती. खिडकीबाहेर माधापूर लखलखत होतं, कुठून तरी गाण्याचा ठेका ऐकू येत होता. बघता बघता नरसिंगचे पाय आपोआप मागे सरकले, गुडघे वर आले आणि पोटाला लागले. सहा वितींत तो मावला.

तिनं उठून खिडकीचा पडदा ओढला आणि त्याच्या गुडघ्यांवर पांघरूण घातलं.