खरा फोटो

"शेखर गावंडेच बोलून राहिले ना?" ज्योत्स्नाने विचारलं आणि ऑफिसातला गोंगाट ऐकू येऊ नये म्हणून दुसऱ्या कानावर हात दाबला.

"हो, बोला. कोनती मोटर आहे?"

"मोटरचं नाही. अमरावतीहून बोलते, पेपरच्या ऑफिसातून. तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"महादेवराव. काहून?"

तिने समोरच्या कागदाकडे पाहिलं. पोलिसांनी आत्ताच कळवलेल्या आरोपीच्या वडिलांचं नाव नामदेवराव होतं.

चांदूर बाजारकडच्या एका गावात शाळेतून परतणाऱ्या मुलीला एकाने चाकूने भोसकलं होतं. पकडलेल्या माणसाचं नाव शेखर गावंडे. ज्योत्स्नाच्या हाताखालच्या नितेशने फेसबुकवर त्या नावाचा माणूस शोधला आणि त्याचा चेहरा कापून बातमीला जोडला. "हाच ना?" असं ज्योत्स्नाने विचारलं होतं. "हाच," नितेश म्हणाला, आणि तिने बातमी वेबसाइटवर जाऊ दिली. जेवणानंतर एका वाचकाचा फोन आला. हा तर तिवस्याचा मोटर वाइंडिंगवाला आहे, भला माणूस आहे, काय करून राहिले तुम्ही? तिने फोटो वेबसाइटवरून हटवायला लावला. तोवर तो गावोगावच्या मोबाइलवर पोचला होता.

"शेखरभाऊ, दुकान बंद करा. आत्ताच. मागच्या दाराने निघा. आमच्याकडून तुमचा फोटो..."

"थांबा जरा. गिऱ्हाईक आले वाटते."

मग काच फुटली. कोणीतरी विचारलं, "हाच का रे?" उत्तर कोणी दिलं ते कळलं नाही. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, त्यानंतर मऊ काहीतरी आपटल्याचा. शेखर दोनदा "मी नाई" म्हणाला. तिसऱ्यांदा शब्द नुसता घशातून निघाला. एक बाई ओरडत होती, एक लहान मूल ओरडत होतं. ज्योत्स्ना दुसऱ्या फोनवरून तिवसा पोलिसांना पत्ता सांगत होती आणि पहिला फोन तिने कानापासून काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अमरावतीच्या दवाखान्यात गेली. शेखरचा जबडा तारांनी बांधला होता. एक डोळा सुजून मिटला होता. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. बोटांवर मोटरचा लोखंडी सांगाडा आदळला होता. उशाशी त्याची बायको सत्यभामा बसली होती. तिच्या कपाळावर टाके होते.

ज्योत्स्नाने नाव सांगितलं. सत्यभामाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि बसा म्हटलं नाही.

"खुलासा आणलाय, वहिनी. उद्याच्या अंकात पहिल्या पानावर येईल, वेबसाइटवर आजच. तुम्ही एकदा ऐका. नाव, गाव, काही चुकायला नको."

"वाचा."

तिने उभ्यानेच वाचलं. वेबसाइटवर टाकलेला फोटो चुकीचा होता. तिवस्याचे शेखर महादेवराव गावंडे यांचा त्या गुन्ह्याशी काही संबंध नाही. पडताळणी न करता फोटो टाकला ही आमची चूक आहे.

"एवढंच?" सत्यभामा म्हणाली. "याच्यानं काय होते? ज्यानं केलं त्याचा फोटो टाका. मोठ्ठा. लोकायले दिसू द्या. त्याले तं कोनी बोट नाई लावलं. पोलिसाईजवळ सुखात बसला तो."

शेखरने डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर थाप मारली. हो, टाका.

फोटो ज्योत्स्नाच्या मोबाइलमध्ये होता. संपादक किशोररावांनी सकाळीच मिळवला होता. या वेळी पोलिसांनी ओळखला होता, गावच्या पोलीस पाटलांनीही ओळखला होता. खुलाशासोबत तो टाकायचा, असं त्यांचं ठरलं होतं. चुकीच्या जागी बरोबर ठेवल्याशिवाय खुलासा पुरा होत नाही, हे ज्योत्स्ना स्वतःच नव्या पोरांना शिकवायची.

तिने मोबाइल सत्यभामाच्या हातात दिला.

अंगणात बसलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट. सत्यभामाने दोन बोटांनी त्याचा चेहरा मोठा केला आणि बराच वेळ पाहिला. मग बोट सरकलं. बाजूला एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती. त्याच्या मांडीवर दोन वेण्या घातलेली मुलगी होती.

"लेक आहे काय त्याची?"

"हो."

"घरी कोन आहे आता?"

"आई, बायको आणि ती."

पडद्यावरचा उजेड आपोआप मंद झाला, तेव्हा सत्यभामाने बोट लावून तो पुन्हा उजळला.

"आमची पोरगी दुकानामांगच्या घरात पलंगाखाली लपली होती," ती म्हणाली. "एकानं पाय धरून भाईर ओढली. ओळखीचा होता. मांगच्या हप्त्यात आमच्याच दुकानातून मोटर भरून नेली होती त्यानं."

मोबाइल तिच्या हातातच वाजू लागला. किशोरराव होते. ज्योत्स्नाने घेतला.

"टाकू ना? वेबसाइटवाली मुलं थांबली आहेत."

"सर, यात त्याच्या घरचे आहेत."

"कापून टाकतो त्यांना. फक्त त्याचा चेहरा ठेवू."

आवाज बाहेर ऐकू येत होता. सत्यभामा नवऱ्याकडे हात करून शांतपणे म्हणाली, "याईचा बी चेहराच टाकला होता तुमी."

शेखरने पुन्हा दांडीवर थाप मारली, या वेळी जोरात. जबड्यातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता, पण अर्थ लागत होता: टाका. उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"नोका टाकू," सत्यभामा म्हणाली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"ज्योत्स्ना?" किशोरराव म्हणाले. "अगं, हा खरा आहे. लोक म्हणतील, आपण कोणाला तरी वाचवून राहिलो."

"म्हणू द्या, सर. फोटो नको. आपली चूक तेवढी छापा."

"बरं, चूक तेवढी छापतो," किशोरराव म्हणाले. मग फोन बंद झाला.

शेखरने तोंड भिंतीकडे फिरवलं. सत्यभामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने खांदा झटकला. तिने हात उचलला, क्षणभर तसाच धरला आणि पुन्हा तिथेच ठेवला.