निवडलेले ट्रान्झिस्टर

निसीमकाकांनी थंड पेटीचं दार उघडलं, आतल्या गारठलेल्या सर्किटचा स्विच दाबला आणि मीटरचा काटा झपकन वर गेला.

"बघ, परत चाललं. तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो?"

"सुरूच होणार नाही म्हणतो," सिमा म्हणाली.

ब्रिस्टलच्या त्या कारखान्यात उपग्रह बनत होता. पृथ्वीच्या सावलीतून तो गारठून बाहेर आला की त्याची वीज पुन्हा सुरू करायची, हे या सर्किटचं काम. काकांचं निवृत्तीआधीचं हे शेवटचं सर्किट. सिमाने ते पंचकार्डांवर आकड्यांत मांडून कॉम्प्युटरवर चालवलं होतं आणि तिथे ते दर वेळी मेलेलंच निघत होतं. सोमवारी ड्रॉइंग जोडणीसाठी असेंब्लीला जाणार होतं. एकदा वर गेलेल्या उपग्रहाला कोण हात लावणार? पण ज्यांनी ही नोकरी मिळवून दिली, दर शुक्रवारी रात्री शब्बाथला ज्यांच्या घरी हक्काने जेवायचं, त्यांना 'तुमचं सर्किट चुकलंय' असं तोंडावर सांगणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

"थांब, तुझ्यासमोर दुसरं जोडतो," म्हणत काका टेबलाशी बसले. खोक्यातला सर्किटचा इवलासा ट्रान्झिस्टर उचलायचा, मीटरला लावायचा, नाक मुरडून बाजूला टाकायचा. तांदूळ निवडायला बसलेल्या बाईसारखा त्यांचा हात चालला होता.

"काका, हे टाकलेले फॉल्टी आहेत?"

"छे गं! टेस्ट पास झालेलेच आहेत. जरा मंद, एवढंच. चांगले असताना मंद कशाला घ्यायचे?"

सिमाने बाजूला टाकलेल्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"असेंब्लीतल्या मुली निवडत बसणार नाहीत, काका. पाकिटातून येईल तो लावतील. मी मंद धरूनच गणित केलंय, गारठ्यात ते आणखी मंदावतात."

काकांनी हातातला ट्रान्झिस्टर खाली ठेवला.

"ऑल राइट. न निवडता जोडतो."

त्यांनी एक उचलला आणि हात आपसूक मीटरकडे गेला.

"तुम्ही नको." आपला आवाज एवढा करडा निघेल असं सिमाला वाटलं नव्हतं. "मी देते."

तिने बाजूला टाकलेल्यांतलेच उचलून दिले. काकांनी ते जोडले. सर्किट पेटीत गार होत होतं तेव्हा काटा वर जावा असं तिला मनापासून वाटत होतं. चुकलेलं गणित तिने आनंदाने फाडून टाकलं असतं.

काकांनी स्विच दाबला. काटा शून्यावरच. त्यांनी पुन्हा दाबला, मग आणखी एकदा. मग फोन उचलून मॅनेजरला सोमवारचं ड्रॉइंग थांबवायला सांगितलं.

"नाही," ते इंग्रजीत म्हणाले, "कॉम्प्युटरची नाही. चूक माझी आहे."

सिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली आणि चष्मा पुसला.

"रडायचं नंतर. काय काय बदलायचं ते सांग. आणि हळू सांग, मला तुझं ते गणित येत नाही."